एक नोव्हेंबरच्या अलीकडचे आणि पलीकडचे

आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही तहसील कचेरीत जा. शेजारी शेजारी टेबलांवर दोन कारकून बसलेले दिसतील. काम एकच, चहाही एकाच किटलीतला. समजा, त्यातले एक भाऊसाहेब सप्टेंबर २००५ मध्ये नोकरीला लागले आणि दुसरे जानेवारी २००७ मध्ये. पहिल्यांना निवृत्तीनंतर शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम दरमहा मिळणार. महागाई वाढली की तीही वाढणार. त्यांच्या पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळणार. या पेन्शनसाठी त्यांच्या पगारातून एक पैसाही कापला गेलेला नाही. फंडाची कपात होते, पण ती त्यांची स्वतःची बचत. दुसऱ्या भाऊसाहेबांच्या पगारातून मात्र दरमहा दहा टक्के कापले जातात, आणि निवृत्त झाल्यावर नेमके किती मिळणार, हे परवापरवापर्यंत त्यांना कोणीच सांगू शकत नव्हते.

या दोन टेबलांच्या मधून एक रेघ गेली आहे. ती आहे १ नोव्हेंबर २००५ ही तारीख. या दिवशी किंवा त्यानंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली. केंद्राने तीच रेघ १ जानेवारी २००४ रोजी ओढली होती, सैन्यदले तेवढी वगळून. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा देत राज्यातले कर्मचारी संपावर गेले, तो संप याच रेघेसाठी होता. १४ तारखेला सुरू झाला, २० तारखेला मागे घेतला गेला. त्या आठवड्यात कचेऱ्या ओस पडल्या, सरकारी दवाखान्यांत रुग्णांची आबाळ झाली, आणि सातबाऱ्यासाठी हेलपाटा पडलेला शेतकरी रागाने म्हणाला, “आम्हाला कोण देतंय पेन्शन?”

त्याचा राग चुकीचा नव्हता. पण संपकऱ्यांची भीतीही खोटी नव्हती. श्रोतेहो, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजून घ्यायचे तर आधी पेन्शन म्हणजे काय ते पाहायला हवे.

आपण पेन्शन म्हटले की रक्कम डोळ्यांसमोर आणतो. वास्तविक पेन्शन ही रकमेपेक्षा जोखमीची गोष्ट आहे. म्हातारपणी माणसापुढे तीन धोके असतात. पहिला धोका ऐकायला विचित्र वाटेल: आपण फार जगू आणि पैसा आधी संपेल. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेला माणूस सत्तरीत जाईल की नव्वदी गाठेल, हे त्याला ठाऊक नसते. मग दरमहा किती खर्च करावा हे ठरवायचे कसे? दुसरा धोका भाववाढीचा. वर्षाला सहा टक्के भाव वाढले तर बारा वर्षांत रुपयाची किंमत निम्मी होते. तिसरा धोका, जिथे पैसा ठेवला तेच ठिकाण बुडण्याचा किंवा तिथले व्याज घसरण्याचा. हे तीन धोके कोणाच्या खांद्यावर, सरकारच्या, मालकाच्या की ज्याचे त्याच्याच, हा पेन्शनच्या वादाचा गाभा आहे. टक्केवारी आणि सूत्रे त्यानंतर येतात.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मराठेशाहीत लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांसाठी बालपरवेशी लावून दिली जात असे. शास्त्री-पंडितांना वर्षासने असत. पण ती धन्याची मर्जी होती. आज आहे, उद्या नाही. इंग्रजी अमलात तिला नियमांचा साचा मिळाला. १८७१ चा पेन्शन कायदा त्याच काळातला. जर्मनीत बिस्मार्कने १८८९ मध्ये कामगारांसाठी म्हातारपणाचा विमा आणला तेव्हा पेन्शनचे वय सत्तर ठेवले होते, आणि त्या काळी सत्तरी गाठणारे कामगार होते तरी किती! स्वतंत्र भारतात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो नकारा खटल्यात. १७ डिसेंबर १९८२ रोजी न्यायालयाने सांगितले की पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेतून आलेला तो हक्क आहे. गंमत अशी की तोही खटला एका तारखेवरूनच झाला होता. अमुक तारखेआधी निवृत्त झालेल्यांना कमी आणि नंतरच्यांना जास्त, हा भेद न्यायालयाने मोडीत काढला. पेन्शनर मंडळी १७ डिसेंबर हा दिवस अजून पाळतात.

मग इतकी मान्यता पावलेली व्यवस्था सरकारांनी बदलली का? कारण जुन्या पेन्शनसाठी वेगळा पैसा कधी साठवलाच जात नव्हता. आजच्या पेन्शनरांना आजच्या कराच्या वसुलीतून द्यायचे, उद्याच्यांना उद्याच्या. नोकरवर्ग तरुण असताना हे सोपे जाते. पेन्शनर वाढले, त्यांचे आयुष्यही वाढले, की ओझे चढत जाते. रस्ते, पाटबंधारे, शाळा यांना उरणारा पैसा आक्रसतो. सातबाऱ्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या रागात हा हिशेबही आहे, त्याने तो शब्दांत मांडला नसेल इतकेच.

इथे एक फारशी कोणाला माहीत नसलेली गोष्ट सांगायला हवी. प्रत्येकाच्या नावाने खाते, त्यात आयुष्यभर बचत, ती बाजारात गुंतवायची आणि म्हातारपणी त्यातून उत्पन्न घ्यायचे, ही कल्पना आपल्याकडे सविस्तर मांडली ती सुरेंद्र दवे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने. तिचा अहवाल २००० साली आला. पण ती समिती मुळात नेमली होती असंघटित कष्टकऱ्यांसाठी! ज्यांना कोणीच पेन्शन देत नाही त्यांच्यासाठी आखलेली ही वाट आधी चालायला लावली गेली ती सरकारी नोकराला, २००४ मध्ये. सर्वसामान्य नागरिकाला राष्ट्रीय पेन्शन योजनेचे दार उघडले ते १ मे २००९ रोजी.

आता दुसऱ्या भाऊसाहेबांच्या खात्याकडे वळू. त्यांचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या दहा टक्के कपात होते. शासनही आपला वाटा घालते. तो आधी दहा टक्के होता, २०१९ पासून चौदा टक्के झाला. सुरुवातीची बरीच वर्षे ही कपात राज्याच्या परिभाषित अंशदान योजनेत जमा होत होती, नंतर ती राष्ट्रीय योजनेत वर्ग झाली. दरम्यान, कपातीच्या हिशेबाची चिठ्ठी मिळत नाही, शासनाचा हिस्सा जमा झाला का ते कळत नाही, ही तक्रार ज्याच्या त्याच्या तोंडी होती. माझ्या मते नव्या योजनेवरचा विश्वास उडाला तो शेअर बाजारामुळे कमी आणि या हिशेबाच्या ढिलाईमुळे जास्त. ज्याला आपले खाते दिसत नाही त्याला ‘बाजारात दीर्घकाळात वाढ होते’ हे सांगून काय उपयोग?

निवृत्तीच्या वेळी खात्यात चाळीस लाख साठले असे धरू. सरकारी कर्मचाऱ्याला त्यातले साठ टक्के, म्हणजे चोवीस लाख, रोख उचलता येतात. उरलेल्या सोळा लाखांची विमा कंपनीकडून वार्षिकी घ्यावी लागते. जुन्या मराठीत वर्षासनच म्हणा. सहा टक्के दर मिळाला तर वर्षाला शहाण्णव हजार, महिन्याला आठ हजार. हे आठ हजार तो जगेल तोवर मिळतील, पण साधारणतः आठ हजारच राहतील. शेजारच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांचा शेवटचा मूळ पगार साठ हजार असेल तर त्यांची पेन्शन तीस हजारांपासून सुरू होते आणि महागाईबरोबर चढत जाते. आता कोणी म्हणेल, दुसऱ्याच्या हाती चोवीस लाख रोख आहेत ते का मोजत नाही? मोजायलाच हवेत. पण ते चोवीस लाख कसे सांभाळायचे, कुठे ठेवायचे, किती वर्षे पुरवायचे, ही सारी चिंता आता त्याची आहे. रेघेच्या अलीकडे तिन्ही धोके सरकारच्या अंगावर होते; पलीकडे ते बहुतांशी एकट्या माणसाच्या अंगावर आले.

सर्वांत जास्त हाल झाले ते सेवेत असताना दगावलेल्यांच्या कुटुंबांचे. जुन्या व्यवस्थेत विधवेला कुटुंब निवृत्तिवेतन मिळे. नव्या व्यवस्थेत, नोकरी थोडीच झालेली असेल तर खात्यात साठलेली रक्कमही थोडीच. संपानंतर, मार्च २०२३ च्या अखेरीस, राज्य शासनाने अशा कुटुंबांना कुटुंब निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटीचा मार्ग मोकळा केला. २०२४ च्या फेब्रुवारीत आणखी एक दुरुस्ती झाली. ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती, पण जे नंतर रुजू झाले, त्यांना जुनी पेन्शन निवडण्याची संधी देण्यात आली. शासनाच्या दिरंगाईची शिक्षा उमेदवाराला नको, हे त्यामागचे साधे तत्त्व.

मग ऑगस्ट २०२४ मध्ये मधला रस्ता निघाला. केंद्राने एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी, २५ ऑगस्टला, आपल्या राज्य मंत्रिमंडळाने ती राज्यात लागू करायला मान्यता दिली. केंद्रात ती १ एप्रिल २०२५ पासून अमलात आली. पंचवीस वर्षे सेवा झाली असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, त्यावर महागाईची वाढ, आणि निधनानंतर पत्नीला किंवा पतीला त्याच्या साठ टक्के. सेवा कमी तर त्या प्रमाणात कमी. दहा वर्षे झाली असतील तर किमान दहा हजार रुपये. कर्मचाऱ्याची दहा टक्के कपात मात्र चालूच राहते आणि सरकारचा वाटा साडेअठरा टक्के होतो. जुन्या पेन्शनची हमी आणि नव्या पेन्शनची बचत यांची ही सोयरीक आहे. संघटनांचे तिने समाधान झालेले नाही. मला स्वतःला ती दोन्ही टोकांपेक्षा बरी वाटते, कारण तिच्यात काहीतरी साठवले जाते आणि म्हाताऱ्या माणसाला बाजारभाव पाहत बसावे लागत नाही.

पण हे सारे कोणाबद्दल बोललो? सरकारी नोकरांबद्दल. नगर जिल्ह्यात, आता आपण अहिल्यानगर म्हणतो, कारखान्यांचे भोंगे ऐकत लहानाचे मोठे झालेले लोक जास्त. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. पुढे संगमनेर, कोपरगाव, राहुरी, श्रीगोंदे, नेवासे, अकोले, जिकडे तिकडे धुराडी उभी राहिली. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते नगर याच रस्त्यावर धावली. कारखान्याचा फिटर आणि एसटीचा कंडक्टर यांना पेन्शन आहे. लोक तिला ‘फंडाची पेन्शन’ म्हणतात. १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची ही कर्मचारी पेन्शन योजना.

तिचे गणित एका ओळीचे आहे. पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. गोम आहे ती ‘धरलेला पगार’ या शब्दांत. प्रत्यक्ष पगार तीस हजार असला तरी सर्वसाधारणपणे हिशेबाला पंधरा हजारच धरले जातात. ऑगस्ट २०१४ पर्यंत तर साडेसहा हजारच धरत. म्हणजे उद्या कोणी पंधरा हजारांच्या मर्यादेत पूर्ण पस्तीस वर्षे भरली तरी महिन्याला साडेसात हजार, आणि त्यावर महागाईची वाढ नाही. आतापर्यंत निवृत्त झालेल्या बहुतेकांच्या हाती याहून पुष्कळच कमी पडते. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये हजार रुपये ठरली. ती साडेसात हजार करा, वर महागाई भत्ता द्या, ही मागणी घेऊन आपल्या जिल्ह्यातले पेन्शनर किती मोर्चांना गेले असतील! पगाराच्या मर्यादेबाहेर जाऊन जास्त पेन्शन घेता येईल का, यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. काहींना त्याचा फायदा झाला. पण जुने कागद, मालकाची सही, फरकाची मोठी रक्कम परत भरणे, हे कितीजणांना जमणार?

या योजनेत एक चांगली तरतूद आहे, ती हंगामी कामगारांनी लक्षात ठेवावी. हंगामी आस्थापनेत वर्षातले काहीच महिने काम झाले तरी पेन्शनच्या हिशेबाला ते पूर्ण वर्ष धरले जाते. पेन्शनला किमान दहा वर्षे सेवा लागते. आठ-नऊ वर्षे झाली आणि कंटाळून फंड काढून घेतला, असे लोक मी पाहिले आहेत. एखादा हंगाम आणखी काढला असता तर आयुष्यभराची पेन्शन बांधली गेली असती.

आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर, पालात राहणारा जो ऊसतोड मजूर, त्याला तर ही पेन्शनही नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून निघालेली जोडपी. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. आधी खर्च आणि मग कमाई, असे ज्याचे चक्र फिरते त्याला बचतीचे व्याख्यान द्यायला माझी जीभ धजत नाही. त्याच्यासाठी योजना आहेत. २०१५ ची अटल पेन्शन आहे, २०१९ ची श्रमयोगी मानधन आहे. अटल पेन्शनमध्ये अठराव्या वर्षी दरमहा दोनशे दहा रुपये भरायला सुरुवात केली तर साठीनंतर पाच हजारांची हमी. तेच चाळिसाव्या वर्षी सुरू केले तर दरमहा चौदाशे चोपन्न. चाळिशी उलटली की या योजनांचे दार बंद. कोयता चालवणाऱ्याला म्हातारपणाची पहिली आठवण होते ती गुडघे बोलायला लागल्यावर, म्हणजे नेमकी चाळिशीनंतर.

शिवाय त्या पाच हजारांना भाववाढीचे कवच नाही. २०१५ मध्ये अठरा वर्षांचा असलेला मुलगा २०५७ मध्ये साठीचा होईल. तोवर वर्षाला पाच टक्के भाव वाढले तर त्या वेळचे पाच हजार हे २०१५ मधल्या साडेसहाशे रुपयांइतके उरतील. काहीच नसण्यापेक्षा ते बरे, पण त्यावर विसंबून राहू नये. शेवटी पासष्टीनंतर निराधार ठरलेल्याला राज्याची श्रावणबाळ योजना आहे, तिचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा दीड हजार झाले. आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा: ज्याच्या नावाने जन्मभर पेन्शनची वर्गणी भरली गेली त्या कामगाराची किमान पेन्शन हजार, आणि काहीच न भरलेल्या निराधाराला दीड हजार. निराधाराचे काही कमी करा असे मी म्हणत नाही. पण यात कामगाराचा अपमान आहे, हे कोणीतरी बोलले पाहिजे.

आता आपल्या स्वतःच्या बचतीकडे. नगरच्या माणसाचा म्हातारपणाचा बंदोबस्त पूर्वापार तीन गोष्टींत: जमीन, मुलगा आणि पतसंस्था. जमीन दरमहा पैसे देत नाही. मुलगा चाकणला किंवा पुण्याला, त्याच्याच घराचे हप्ते चालू. उरली पतसंस्था. आपल्याकडे पतसंस्थांनी छोट्या दुकानदाराला, भाजीवालीला उभे केले, हे मान्यच करायला हवे. पण निवृत्तीची पुंजी ही वेगळी चीज आहे. माझ्या नात्यातल्या एका गृहस्थांनी निवृत्तीचे सगळे पैसे एकाच पतसंस्थेत ठेवले, का, तर बँकेपेक्षा दोन टक्के व्याज जास्त आणि अध्यक्ष ओळखीचे. व्याज तीन वर्षे वेळेवर आले. चौथ्या वर्षी शटर खाली होते. बँक अडचणीत आली तर ठेव विम्यातून एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे; फेब्रुवारी २०२० पूर्वी ते एकच लाख होते. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण लागूच नाही. आणि बँक जुनी आहे म्हणून निर्धास्त राहावे, असेही नाही. १९१० साली स्थापन झालेल्या आपल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला, ते दिवस गांधी मैदानापासून खेड्यापाड्यापर्यंत सगळ्यांना आठवतात.

सरकारी योजनेत पैसा बुडत नाही, पण तिथे दुसरा धोका आहे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे व्याज जानेवारी २००० पर्यंत बारा टक्के होते. मार्च २००३ मध्ये ते आठवर आले, एप्रिल २०२० मध्ये ७.१ वर. बारा टक्क्यांवर म्हातारपणाची गणिते मांडलेल्यांचे काय झाले असेल? म्हणून तरुणपणी थोडा भाग शेअरशी निगडित फंडात असावा, निवृत्ती जवळ आली की तो कमी करावा. निवृत्तीची रक्कम हाती आली की सहा महिने कोणाचेही ऐकू नये. भाच्याचे, विमा एजंटाचे, माझेही नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ पासून तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, आणि व्याज दर तिमाहीला हातात पडते. ज्यांना दरमहा घरखर्च चालवायचा आहे त्यांनी निदान पहिला मोठा हिस्सा तिथे ठेवावा, बाकीचे नंतर ठरवावे. वारसाचे नाव लावले आहे का, ते आजच पाहावे.

मी बँकेत होतो तेव्हा एक निवृत्त कंडक्टर दर महिन्याला यायचे. खाकी कापडाच्या पिशवीत पाच पासबुके: फंडाच्या पेन्शनचे, पोस्टाचे, दोन पतसंस्थांचे, आणि एक पत्नीच्या नावचे. एकदा सगळी माझ्या टेबलावर पसरून त्यांनी विचारले, “साहेब, यातलं कोणतं मरेपर्यंत चालेल?” मी एकेक उघडून पाहिले. मरेपर्यंत चालणारे एकच होते, आणि त्यात त्या महिन्यात अठराशे चाळीस रुपये जमा झाले होते.